व्याह्यांच्या घरातली बेडी

अमेरिकेहून परत आल्यापासून मिरजेत जो भेटतो तो एकच विचारतो, “नायगारा बघितला का?” नाही बघितला. “आणि ती मशालवाली बाई?” तीही नाही. मग समोरच्याचं तोंड असं होतं, जणू आमचं तिकीट त्याच्याच खिशातून काढलं होतं. काहीजण तर खांद्यावर हात ठेवून सांत्वन करतात. म्हणून एकदाच लिहून टाकते, उगाच प्रत्येक कोपऱ्यावर थांबून सांगायला नको. आम्ही अमेरिका बघायला गेलोच नव्हतो. आम्ही घर बघायला गेलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि वन्सं. वन्सं माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. त्यांचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत त्यांचे यजमान मस्कतला नोकरीला गेले. आधी पत्रं यायची, मग सणावारी एखादं, मग तेही बंद. पुढे कुणाकडून तरी कळलं की तिकडे त्यांनी दुसरा संसार थाटलाय. वन्सं माहेरी आल्या त्या कायमच्या. पापड-कुरडया विकल्या, शिकवण्या केल्या, आणि मी शाळेत पोरांना भूगोल शिकवत होते तेव्हा माझ्या केतकीला त्यांनीच वाढवलं. तिची पहिली वेणी त्यांनी घातली, पहिली चापटही त्यांचीच.

त्यामुळे अमेरिकेत नोकरीला असलेल्या केतकीने डॅनियल नावाच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा मला फोनवर स्पष्ट सांगितलं, “आई, तू आणि बाबा हो म्हणालच, मला माहितीये. पण आत्या हो म्हणाली तरच. ती नाही म्हणाली तर मी नाही करणार.” आमच्या होकाराची किंमत ही अशी!

वन्संचं म्हणणं होतं, “मुलगा काय, फोनवरही दिसतो. दात मोजता येतात. पण घर बघितल्याशिवाय आपण मुलगी देत नाही. माणसं कशी आहेत, घराणं काय आहे, दारात गेल्याशिवाय कळत नाही.” व्याह्यांचं दार अटलांटाच्या उत्तरेला डोंगरात असलं म्हणून काय झालं, दार ते दार. यांचे गुडघे विमानाला तयार नव्हते, म्हणून आम्ही दोघीच निघालो. वन्संनी बॅगेत मेतकूट, लोणचं, साड्या आणि एक चंदनाचा हार घेतला. “घरात वडीलधाऱ्यांचे फोटो असणारच. रिकाम्या हातानं जायचं का?”

विमानाचं काही सांगत नाही. बसलो, अवघडलो, उतरलो. उतरल्यावर एका अधिकाऱ्याने हार बाहेर काढून हुंगला, परत हुंगला, आणि ठेवून दिला. वन्सं म्हणाल्या, “नाक चांगलंय मेल्याचं.”

अल्फारेटा

केतकी राहते ते अटलांटाजवळचं अल्फारेटा. संध्याकाळी तिथे फिरायला बाहेर पडलं की आपण अमेरिकेत आहोत याची आठवण करून द्यावी लागते. साडीखाली पांढरेशुभ्र बूट, वर मुलाचा जुना स्वेटर, डोक्यावर टोपी, असे आईबापांचे जथे तळ्याभोवती फिरत असतात. भेटल्यावर पहिला प्रश्न नावाचा नसतोच. “तुमचं कोण इथे?” आणि दुसरा, “बाळंतपण का?”

“नाही, लग्न,” मी म्हटलं.

नागपूरचे एक काका बाकावर बसले होते, ते लगेच सरकून बसले. “अरे वा! पोरगा आपल्यातलाच आहे ना जी?”

“ते बघायलाच आलोय,” वन्सं म्हणाल्या, आणि काकांचं तोंड बंद झालं. नंतर बाकी सगळ्या फेरीत त्यांची बायको आमच्या मागे मागे चालत होती, बिचारीला कळलं नसतं तर झोप लागली नसती.

डॅनियल दुसऱ्या दिवशी आला. गुरांचा, घोड्यांचा डॉक्टर आहे तो. दारात बूट काढले, “नमस्कार आत्या” म्हणाला आणि पाया पडायला वाकला. एवढा उंच मुलगा, की वाकून खाली पोचायलाच त्याला वेळ लागला. वन्संच्या तोंडून सवयीने “आयुष्मान हो” निघून गेलं. लगेच सावध झाल्या. “केतकी, त्याला सांग, हा आशीर्वाद आयुष्याला आहे, लग्नाला नाही.”

केतकीने सांगितलं, “शी सेज हाय.”

चार दिवस वन्संनी त्याला बारकाईने पाहिलं. तो ताट स्वतः विसळतो, भाजी निवडतो, कुत्र्याशी बोलतो आणि केतकी ओरडली की ऐकून घेतो. “मुलगा बरा आहे,” वन्सं मला म्हणाल्या, “पण बऱ्या मुलांचं काय, सुरुवातीला सगळेच बरे असतात.”

डोंगराच्या वाटेवर

शनिवारी त्याच्या आईवडिलांकडे निघालो. केतकी गाडी चालवत होती, डॅनियल तिच्या शेजारी, आम्ही दोघी मागे. शहर संपल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक वेल दिसायला लागला. झाडं, विजेचे खांब, पडकी घरं, सगळं त्याने गिळलेलं. डॅनियल म्हणाला, हा वेल जपानहून मुद्दाम आणला होता, माती धरून ठेवायला. आता तो जायचं नाव घेत नाही.

“बोलावलेल्या पाहुण्याचं असंच असतं,” वन्सं म्हणाल्या. “आपण रविवारी निघायचं हं सुमन.”

पुढे एका वळणावर म्हातारी बाई मोठं पातेलं मांडून बसली होती. पातेल्यातून वाफ येत होती. डॅनियलने गाडी थांबवायला लावली आणि कागदी पेल्यांत काय घेऊन यावं? उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा, अगदी आपल्यासारख्या. म्हातारीने खिडकीशी येऊन वन्संना विचारलं, “यू लाइक इट, हनी?” वन्संनी तोंड भरलेलं असताना मान डोलावली. मिरजेपासून इतक्या लांब येऊन हे निघालं, या आनंदात त्यांनी दोन पेले संपवले आणि टरफलं पदरात गोळा केली. मला वाटलं, चला, निम्मं लग्न जमलं.

पोट भरल्यावर वन्संनी मूळ मुद्दा काढला. “सुमन, त्याला विचार, मूळ गाव कुठलं?”

मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं. डॅनियल खुशीत मागे वळला. आई इथलीच, जॉर्जियाची. वडील मात्र ऑस्ट्रेलियाचे, खाली टास्मानिया बेट आहे ना, तिथले. आणि त्यांचा पहिला पूर्वज तिथे कसा गेला माहितीये? बोटांवर पिढ्या मोजत तो म्हणाला, “ही वॉज अ कन्व्हिक्ट! अ थीफ!” आपल्याकडे लोक “आमचे पणजोबा मामलेदार होते” ज्या थाटात सांगतात ना, अगदी त्या थाटात. पूर्वी म्हणे इंग्रज आपले कैदी इथे अमेरिकेतही आणून टाकायचे. अमेरिका स्वतंत्र झाली, इथलं दार बंद झालं, मग त्यांनी ऑस्ट्रेलियाचा रस्ता धरला.

मी अख्खी नोकरी ऑस्ट्रेलिया शिकवण्यात घालवली. मेंढ्या, लोकर, गहू, कांगारू. नकाशात मेंढ्यांसाठी ठिपके काढायला लावायचे मी पोरांना. कैद्यांचा एक ठिपका कधी काढला नाही.

“काय म्हणतोय एवढा हसून?” वन्संनी विचारलं.

आता बघा. एका बाजूला माझी लेक, तिचा जीव या मुलात अडकलेला. दुसऱ्या बाजूला वन्सं, ज्यांनी एकदा चुलत पुतण्याचं ठरत आलेलं लग्न मुलीच्या मामाने सोसायटीत अफरातफर केली म्हणून मोडलं होतं. मामाने! आणि इथे तर थेट मूळ पुरुषच चोर. मी म्हटलं, “त्याच्या पूर्वजांना इंग्रज सरकारने काळ्या पाण्यावर पाठवलं होतं.”

एक शब्द खोटा असेल तर सांगा.

वन्सं ताठ बसल्या. पदर सारखा केला, टरफलं सांडली. “काळ्या पाण्यावर? इंग्रजांनी?”

“हो.”

“बेड्या घालून?”

“असणारच.”

“अगं बाई! हे तर देशभक्ताचं घराणं निघालं!” आणि त्यांनी मागून डॅनियलच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला काही कळलं नाही, पण बरं वाटलं असावं, कारण तो लाजला.

आमच्या पिढीचा काय दोष? काळं पाणी म्हटलं की अंदमान, अंदमान म्हटलं की हात जोडायचे. तिथे भुरटा चोरही गेला असेल हे आमच्या डोक्यात येतच नाही.

केतकीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “आई! सांग ना नीट!”

“तू रस्त्याकडे बघ.”

“आई, यार, प्लीज! नंतर कळलं ना तर—”

“योग्य वेळी सांगते. मी आहे ना!”

तोवर वन्संनी फोन काढून यांना आवाजी निरोप धाडलाही होता. “काळजी करू नको. देशभक्ताचं घर आहे.” डोंगर लागेपर्यंत मिरजेहून सगळ्या नातेवाइकांची हात जोडलेली उत्तरं यायला लागली. एका दिराने तर “ऊर भरून आला” असं लिहिलं. माझा ऊर भीतीनेच भरला होता.

ग्लेन आणि पॅम

घर झऱ्याच्या काठी, लाकडाचं, पुढे रुंद ओटा. डॅनियलचे वडील ग्लेन अनवाणीच बाहेर आले. पांढरी दाढी, मोठं पोट आणि त्याहून मोठा आवाज. तरुणपणी हिंडायला म्हणून अमेरिकेत आले, पॅम भेटली, राहिले. पॅम विहीणबाई गोड, आणि त्यांचा चहा त्यांच्याहून गोड. तिकडे त्याला बर्फ घालून पितात. साखरेच्या पाकाला चहाची पत्ती दुरून दाखवली की तो चहा होतो.

जेवायला तळलेली भेंडी होती आणि मक्याच्या कण्या. हो, कण्याच! लोणी घालून, मऊ शिजवलेल्या. “यांच्याकडे पाहुण्यांना कण्या वाढतात,” वन्संनी मला हळूच सांगितलं, “देशभक्ताच्या घरी गरिबी असायचीच.” ग्लेननी खास त्यांच्या गावाकडची वस्तू म्हणून पावावर एक काळी चटणी फासून दिली. वन्संनी वास घेतला, मला दाखवली. “सुमन, ही मिसरी दिसतेय. दात घासायची का खायची?” केतकीने भाषांतर करायचं नाकारलं.

इतकं सगळं छान चाललं होतं. मग ग्लेननी घर दाखवायला घेतलं.

बैठकीच्या खोलीत, आपल्याकडे जिथे आजोबांचा फोटो असतो, बरोब्बर त्या जागी एका गुळगुळीत फळीवर लोखंडी बेडी लावलेली होती. पायातली. दोन कडी, मध्ये साखळी, गंज चढलेला. “विल्यम्स!” ग्लेन छाती काढून म्हणाले, म्हणजे त्या चोर पूर्वजाची, विल्यमची. डॅनियलने मागून डोळा मिचकावून माझ्या कानात सांगितलं, टास्मानियात प्रत्येक घरी एक बेडी असते आणि ती ज्याच्या त्याच्या पूर्वजाचीच असते. आपल्याकडे नाही का, ज्याला विचारावं त्याचे पूर्वज पेशव्यांच्या पदरी! मग भाजी कोण विकत होतं, देव जाणे.

वन्संनी मात्र चप्पल नव्हतीच पायात, तरी दोन पावलं मागे सरून हात जोडले. डोळे मिटले. ग्लेन आणि पॅम एकमेकांकडे पाहत राहिले. ठरवलं, सकाळी चहा झाला की सांगून टाकायचं. चांगल्या कामाला उशीर करू नये म्हणतात, पण वाईट बातमीला घाई करा असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

हार

सकाळी चहाच्या आधी घरभर कर्कश किंकाळी उठली. माणसाची नव्हे, छताला चिकटलेल्या पांढऱ्या डबीची. तिकडे घरात धूर झाला की ती बोंबलते. मी गाऊनमध्ये धावले, पॅम टॉवेल घेऊन धावल्या, ग्लेन चड्डीवर धावले, केतकी आणि डॅनियल जिन्यावरून एकमेकांवर आदळत खाली आले.

बैठकीत वन्सं आंघोळ करून, इरकल नेसून उभ्या होत्या. बेडीला चंदनाचा हार घातला होता, कड्यांना हळदकुंकू लावलं होतं, आणि खाली वाटीत तांदूळ घालून त्यात उदबत्त्यांचा अख्खा पुडा खोचला होता. “एवढ्याशा धुराला काय घाबरता?” त्या वर डबीकडे बघून म्हणाल्या.

डॅनियलने खुर्चीवर चढून डबीचा आवाज बंद केला. ग्लेन बेडीसमोर उभे होते. एवढा मोठा माणूस, चड्डीवर उभा राहून ढसाढसा रडायला लागला.

“माझी आजी ही बेडी गोठ्यात गवताखाली लपवायची,” ते म्हणाले. केतकी हळूहळू मराठीत सांगत होती. “कुणी पाहिलीच तर घोड्याची म्हणायची. आणि आमचे पूर्वज कोण, तर बोटीचे कप्तान! मरेपर्यंत तिने दुसरं काही कबूल केलं नाही.” त्या आजीबद्दल मला तत्काळ माया वाटली. “मी ती भिंतीवर लावली. लोक हसतात, फोटो काढतात. पण आजवर कुणी विल्यमला हार घातला नाही. तुम्ही इतक्या लांबून आलात, सगळं माहीत असून हार घातलात.”

“अहो मग,” वन्संचाही आवाज भरून आला होता, “देशासाठी एवढं सोसलं त्यांनी—”

केतकी थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. डबीकडून काही मदत नव्हती.

“आत्या,” ती म्हणाली, “देशासाठी नाही गं. विल्यमने चीज चोरलं होतं.”

“काय चोरलं होतं?”

“चीज. एका दुकानातून. सात वर्षांची शिक्षा झाली.”

वन्संनी हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सुमन, तू काय सांगितलं होतंस?”

“काळं पाणी तर खरंच की हो वन्सं,” मी म्हटलं. असं उत्तर माझ्या वर्गात कुणी दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

ग्लेन आपल्याच नादात पुढे सांगत होते. किती वर्षं सांगून घोटलेली गोष्ट असणार ती, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. गावात काम नव्हतं. थंडीचे दिवस. घरी बायको हॅना, दोन लहान मुलं, पोटात अन्न नाही. शेवटी विल्यमने चीजचा गोळा कोटाखाली घातला आणि दारातच सापडला. बेड्या, बोट, महिनोन्‌महिने समुद्र. शिक्षा संपल्यावर तिथेच जमीन मिळाली, मेंढ्या घेतल्या, एलिझाबेथशी लग्न केलं, घरभर मुलं झाली आणि त्यांतल्या एकाचे आम्ही.

केतकीने सगळं सांगितलं. वन्सं खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, आता विचारतील विमान किती वाजता आहे.

“आणि हॅनाचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“एलिझाबेथ,” ग्लेन म्हणाले, “ती फार कष्टाळू—”

“ती नाही. पहिली. जिच्या भुकेपायी चोरी केली ती.”

केतकीने विचारलं. ग्लेननी पॅमकडे पाहिलं. पॅम म्हणाल्या, लग्न झाल्यापासून मी ही गोष्ट ऐकतेय, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

“माहीत नाही,” ग्लेन म्हणाले.

वन्सं उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

ओट्यावर

मी मागोमाग गेले. शिव्या खायची तयारी ठेवून गेले होते, पण त्यांना माझ्याकडे बघायलाही सवड नव्हती.

“चोराचं मला काही नाही सुमन,” त्या म्हणाल्या. “भुकेला माणूस चीज चोरेल, भाकरी चोरेल. त्या मुलीच्या अफरातफरवाल्या मामाला भूक नव्हती, हाव होती. पण यांचं बघ. पोरांच्या पोटासाठी चोरलं म्हणून सांगतात, डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मग त्या पोटांचं पुढे काय झालं, हे इतक्या पिढ्यांत एकाला विचारावंसं वाटलं नाही? जो गेला त्याची बेडीसुद्धा भिंतीवर. आणि जी दारात बसून राहिली तिची काय खूण? वाट बघितली असेल गं तिने. कुणी आलं की उठून बघितलं असेल.”

मी त्यांच्याशेजारी बसले.

“माझी पोर मी या घरात द्यायची,” त्या म्हणाल्या. “समुद्र ओलांडून. उद्या काही बरंवाईट झालं, हा गेला, राहिला, बदलला, तर केतकीचं काय झालं म्हणून कोण विचारणार इथे? मला हेच बघायचं होतं. म्हणून आले मी.”

केतकी जाळीच्या दारामागे उभी राहून सगळं ऐकत होती. मी आत गेले तर ती डोळे पुसत म्हणाली, “मी तिला फोर्स नाही करणार आई. ती नाही म्हणाली तर नाही.” आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. डॅनियलने विचारलं काय झालं, तर तिने आत्याचं बोलणं जसंच्या तसं त्याला सांगितलं. माझ्यासारखं अर्धं गाळून नाही.

तो मग वडिलांकडे वळून म्हणाला, “डॅड, आपण कधीच का नाही विचारलं?”

ग्लेन चड्डीवर होते ते आधी पँट घालून आले. मग टास्मानियातल्या आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र असणार, कारण ती पहिल्यांदा ओरडली, कोण मेलं म्हणून. “कुणी नाही,” ग्लेन म्हणाले, “हॅनाचं काय झालं ते सांग.” मग तिने आपल्या मुलीला उठवलं, मुलीने सिडनीतल्या चुलतभावाला उठवलं. दुपारपर्यंत ऑस्ट्रेलियातलं निम्मं गोत जागं होतं आणि कुणालाच काही माहीत नव्हतं. ग्लेनची बहीण म्हणे शेवटी चिडून म्हणाली, “हे विचारलं कुणी?” ग्लेन म्हणाले, “मुलीच्या आत्याने.”

डॅनियल ओट्यावर जाऊन वन्संच्या शेजारी बसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तो बसला आणि बसूनच राहिला. कुत्रंही येऊन बसलं. मी दोनदा डोकावले, तर तिघंही झऱ्याकडे बघत होते.

जेवण

या घराची एक रीत आहे. घरातले सगळे एकत्र जमले की रविवारी दुपारच्या जेवणाआधी विल्यमच्या नावाने चीज कापायचं आणि पहिला तुकडा सगळ्यांत मोठ्या माणसाला द्यायचा. मग पेले उंचावून हसायचं, “टु द थीफ!” केतकीने हे मला आदल्या रात्रीच सांगितलं होतं आणि मी ते वन्संपासून अर्थातच लपवलं होतं.

दुपारी टेबलावर चीजचा पिवळाधमक गोळा आला. वन्सं येऊन बसल्या, पण ताटाकडे न बघता. ग्लेन सुरी घेऊन उभे राहिले. नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडावर आलेलं दिसलं मला. ते त्यांनी गिळलं. कपाटातून एक कोरी बशी काढली, पहिला तुकडा तिच्यात ठेवला आणि ती बशी टेबलाच्या टोकाला, जिथे कुणीच बसलं नव्हतं तिथे नेऊन ठेवली.

“हॅना,” ते म्हणाले. एवढंच.

याचं भाषांतर कुणी केलं नाही. लागलंच नाही. पॅमनी डोळ्याला नॅपकिन लावला.

वन्सं त्या बशीकडे बघत होत्या. मग उठल्या. आपल्यापुढचा पाण्याचा भरलेला ग्लास उचलला आणि बशीजवळ नेऊन ठेवला. “नुसतं कोरडं ठेवतात का?” त्या ग्लेनना मराठीत म्हणाल्या. “पाणी ठेवावं.”

ग्लेननी मान हलवली, जणू सगळं समजलं.

वन्सं जागेवर येऊन बसल्या. भेंडी वाढून घेतली, डॅनियललाही वाढली. “पोरांची नावं काय होती?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही आत्या,” केतकी म्हणाली. “शोधतायत सगळे. त्यांची बहीण म्हणते, वेळ लागेल.”

“मग हात चालवा म्हणावं. बसून काय राहतात? लग्नाची पहिली अक्षत गणपतीला, दुसरी कुलदैवताला, आणि तिसरी हॅनाला ठेवायची. तिच्या पोरांची नावं नकोत का घ्यायला?”

केतकीने भाषांतर करायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. डॅनियल तिला कोपराने ढोसत होता, काय म्हणतायत, काय म्हणतायत म्हणून.

“आत्या,” तिचा आवाज फुटेना, “लग्नाची?”

“मग काय बारशाची?” वन्सं म्हणाल्या. “आणि डोळे पूस आधी. कण्यांत पडतंय सगळं.”